‘सांग, करतो’ बंद : घरच्या हँडओव्हरच्या नोंदी

गुरुवार, १० जुलै २०२५

कंपनीत मी मेंटेनन्सचं प्लॅनिंग बघतो. कुठल्या मशीनला तेल कधी घालायचं, बेअरिंग कधी बदलायचं, बेल्टचा एक नग स्टोअरला शिल्लक आहे का, हे सगळं मशीन बंद पडायच्या आधी ज्याला आठवायला हवं तो माणूस मी. त्याचा पगार मिळतो. घरी हेच काम बायको करते, हे मागच्या गुरुवारपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मागच्या गुरुवारी सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, कराडला. ती आदल्या रात्रीच गेली. आमच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी, म्हणून मी घरी. म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. रात्री फोन चार्जिंगला लावताना सहज कॉलची यादी बघितली. पहाटे साडेपाच ते रात्री नऊ, २३ कॉल, सगळे मी तिला केलेले. मोटर लावायची की पाणी आपोआप चढतं? धाकट्याचा पीटीचा युनिफॉर्म आज की उद्या? आईची सकाळची गोळी गुलाबी की पांढरी? मावशींचा पगार दिलाय का? मोठीच्या डब्यात काकडी चालते का? (चालत नाही. दुपारपर्यंत पाणी सुटतं.) इस्त्रीला किती कपडे गेलेत? कोथिंबिरीच्या डब्यात कागद का ठेवलाय?

एकाही उत्तराला ती अडखळली नाही. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून, बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा लिहून घेता घेता तिनं मला कपड्यांचा आकडा सांगितला. सतरा.

परत आली तेव्हा घर जागेवर होतं, मुलं जेवलेली होती. मला शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "केलंस सगळं. पण ऑपरेशन माझ्या बाबांचं होतं आणि मी दिवसभर इथेच होते."

म्हणून ही वही. मुदत दिवाळीच्या पाडव्यापर्यंत. मोजायचं एकच : घराबद्दल दिवसात मी तिला किती प्रश्न विचारले. सुरुवातीचं माप २३. ‘तू फक्त सांग, मी करतो’ हे वाक्य आजपासून वर्ज्य.

रविवार, १३ जुलै

एक्सेल शीट काल रात्रीच बाद झालं. मी रंगीत रकाने आखून तिच्यासमोर लॅपटॉप ठेवला. काम, वारंवारता, शेवटची तारीख, पुढची तारीख. तिनं नीट बघितलं आणि विचारलं, "आणि हे भरणार कोण? मीच ना?"

मग आज वेगळा प्रयोग. सकाळी ७.१० ते ८.४० मी स्वयंपाकघरात वही घेऊन बसलो. डोक्यात जे येईल ते तिनं मोठ्यानं बोलायचं, मी लिहायचं. दीड तासात ४१ नोंदी. थोड्या जशाच्या तशा :

"दूध उद्यापासून अर्धा लिटर जास्त सांगायचं, आईंच्या मैत्रिणी येणार. धाकट्याच्या सँडलची टाच आत गेलीय, पाय वाढला. मटकी आत्ता भिजत घातली तर रात्री फडक्यात बांधता येईल, म्हणजे उद्या रात्री उसळ. मावशी उद्या येणार नाहीत, म्हणजे आजची भांडी आजच. मोठीला इतिहासाची वही संपत आलीय, पण तिला दोनशे पानी नको असते, दप्तर जड होतं. तुझ्या निळ्या शर्टाचं बटण. कढीपत्ता आहे. नाही, नाहीये. शेजारच्या काकूंचा डबा परत द्यायचाय, रिकामा कसा देऊ. फ्रीज जरा जास्तच आवाज करतोय का रे?"

फ्रीजचा आवाज मलाही ऐकू येत होता. तो माझा धंदा आहे. तरी मनात ‘बघायला हवं’ असं आलं नव्हतं. नुसता ऐकू येत होता.

मटकीवर मी बराच वेळ अडकलो. उसळ करायला लागतात वीस मिनिटं, पण ती वीस मिनिटं मिळायला दीड दिवस आधी कोणाला तरी आठवावं लागतं. आमच्याकडे याला लीड टाइम म्हणतात आणि तो चुकवला की बैठकीत उभं करतात. मी आजवर उसळ वाढून घेताना तीन वेळा म्हटलं असेल, "अगं, मी करत जाईन की, त्यात काय आहे!"

गुरुवार, १७ जुलै

वाटप. ही दुपारी बँकेतून अर्धी रजा टाकून आली. (आमची सुट्टी एकत्र कधीच येत नाही. माझी गुरुवारी, तिची रविवारी. माझ्या गुरुवारी मुलं शाळेत असतात आणि मी बाईक धुतो. तिच्या रविवारी सगळे घरी असतात. हे गणित मी लग्नानंतर तेरा वर्षांनी, आज, मांडलं.)

अ‍ॅलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ मध्ये या कामाचे चार तुकडे पाडले होते : काय लागणार आहे ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि झालं की नाही यावर नजर ठेवणं. त्यांना दिसलं ते असं की निर्णय बहुतेक दोघं मिळून घेतात, पण पहिला आणि शेवटचा तुकडा जास्त करून बाईकडे राहतो. वाचल्यावर मला आमची वॉशिंग मशीनची खरेदी आठवली. ‘आपण दोघांनी ठरवून’ घेतली होती. जुनीचा ड्रम वाजतोय हे तिनं ओळखलं, चार मॉडेलं तिनं काढली, मी दुकानात "ही घेऊ" म्हणालो, आणि बसवायला माणूस येईना तेव्हा आठ फोन तिनं केले.

म्हणून नियम : जे घ्यायचं ते मुळापासून शेंड्यापर्यंत. अर्धवट नाही. माझ्याकडे आलं : गॅस, पाणी, आईची औषधं आणि तपासण्या, मोठीची शाळा, किराणा, घरातल्या वस्तूंची दुरुस्ती, माझ्या बाजूचे सगळे नातेवाईक. तिच्याकडे राहिलं : धाकट्याची शाळा, कपडे, मावशी, बँका-विमा, तिच्या बाजूचे नातेवाईक. रोज काय शिजणार हा विषय सर्वात अवघड. सोम-मंगळ-बुध मी, बाकी ती, असं ठरलं. शिजवण्याबद्दल नाही, ठरवण्याबद्दल. शिजवायचे दिवस वेगळे आहेत.

आई हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "औषधांचं तिच्याकडेच राहू दे. तुला काय कळतंय?"

मंगळवार, २२ जुलै

गॅस. कनेक्शन माझ्या नावावर, सिलिंडर तिच्या डोक्यावर, अशी आजवरची व्यवस्था. नंबर लावला की मेसेज माझ्या फोनवर, डिलिव्हरीचा कोडही माझ्याच फोनवर. मी कंपनीत, फोन खिशात, आवाज बंद. सिलिंडरवाला दारात उभा आणि ती बँकेच्या काउंटरवरून मला फोन लावतेय. वर्षानुवर्षं हे असं चाललं आणि मी तिला म्हणायचो, "गॅसचं सगळं माझ्याच फोनवर तर आहे."

आता : सिलिंडर बदलला त्याच दिवशी पुढचा नंबर. गुरुवारी मी घरी, तेव्हाच मागवायचा. आज सवयीनं पाईपही बघितला. नारिंगी सुरक्षा पाईपची मुदत पाच वर्षं असते, तारीख पाईपवरच छापलेली. आमची दहा महिन्यांपूर्वी उलटून गेलीय. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतून ‘सी-२६’ आहे, म्हणजे तो जुलै ते सप्टेंबर २०२६ मध्ये चाचणीला जाणार, ते ठीक. पाईप आजच बदलला. तिला सांगितलं तर म्हणाली, "पाईपला तारीख असते?" म्हणजे एक गोष्ट तिच्याही यादीत नव्हती. मला उगाच फार बरं वाटलं.

शुक्रवार, २५ जुलै

मोठीच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘पाचवी ब मम्माज’. मला घ्या म्हणून ज्या ताई ग्रुप चालवतात त्यांना मेसेज केला. उत्तर आलं, "मॅडमना काही प्रॉब्लेम आहे का?" बायकोनं रदबदली केल्यावर प्रवेश मिळाला. मी आल्यावर ग्रुप चार तास गप्प होता.

शाळेच्या फॉर्मवर ‘संपर्क’ म्हणून आईचा नंबर, ‘उत्पन्न’ म्हणून वडलांचं. संपर्क बदलून घेतला. क्लार्कनं दोनदा विचारलं, नक्की ना.

प्रश्न आज : ९.

गुरुवार, ३१ जुलै

आईची औषधं. आजच्यासारखा ओशाळलो नव्हतो कधी.

कंपनीत दोन वर्षांपूर्वी स्टोअरसाठी एक सल्लागार आणला होता. त्यानं दोन डब्यांची पद्धत बसवली : पहिला डबा संपला की दुसरा उघडायचा आणि त्याच क्षणी नवा मागवायचा. मी घरी तीच पद्धत लावायची ठरवून औषधांचा डबा उपसला. बघतो तर बीपीच्या शेवटच्या पट्टीला रबरबँड. शुगरच्याही. थायरॉइडच्या बाटलीखाली चिठ्ठी : ‘ही उघडली की सांगा’. किराण्याच्या कपाटातही तेच. तेलाची मागची पिशवी उलटी ठेवलेली, तांदळाच्या डब्यात आतून मार्करची रेघ.

विचारलं, हे कुठे शिकलीस? "शिकायचं काय त्यात? एकदा रविवारी रात्री आईंची गोळी संपली होती. तू तेव्हा ट्रेनिंगला होतास."

सल्लागाराची फी किती होती ते इथे लिहीत नाही.

माझी भर एवढीच की दर तीन महिन्यांनी आईची शुगर तपासायची तारीख माझ्या कंपनीच्याच कॅलेंडरात टाकली, कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसिंगच्या खाली. संध्याकाळी मी सोफ्यावर, डबा मांडीवर. आई आली आणि रिकामी पट्टी माझ्यावरून हात नेऊन सुनेच्या हातात दिली.

मंगळवार, १२ ऑगस्ट

फजिती. आज अंगारकी. मंगळवारचं काय शिजायचं ते माझ्याकडे, आणि मी रविवारीच मटकी भिजवून ठेवली होती, अगदी अभिमानानं. सकाळी सहाला आई देवापुढून म्हणाली, "साबुदाणा भिजलाय ना?" साबुदाणा डब्यात होता, कोरडा. कॅलेंडर फ्रीजवर लटकतंय, तारखेखाली चतुर्थी लिहिलेली आहे. मी त्यावर रोज दुधाचे आकडे टाकतो.

बायकोनं रात्री झोपताना विचारलं होतं, "उद्या काय आहे माहितीये ना?" मी म्हटलं होतं, "हो, पाण्याचा दिवस." पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड आहे आणि ते आता मला झोपेतही कळतं. ती काही बोलली नाही. ते न बोलणं तिला किती जड गेलं असेल ते सकाळी तिच्या तोंडावर दिसलं.

आईनंच सोडवलं. "भगर टाक. तिला भिजवावं लागत नाही. आणि दाण्याची आमटी." मी भगर टाकली. पाण्याचं प्रमाण चुकलं, खिमट झालं. आईनं ते खाल्लं आणि रात्री नऊनंतर, ढगांतून चंद्र दिसल्याचं स्वतःच ठरवून, उपवास सोडला. मटकीची उसळ तेव्हा कामी आली.

कारण नोंद : तपासणी न केल्यामुळे ब्रेकडाऊन. उपाय : दर रविवारी रात्री कॅलेंडरचे पुढचे दहा दिवस बोट ठेवून वाचणे.

रविवार, १७ ऑगस्ट

केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ मध्ये केलेल्या वेळवापर सर्वेक्षणाचे आकडे बघितले. घरच्यांसाठीची बिनपगारी घरकामं : बायका दिवसाला २८९ मिनिटं, पुरुष ८८. हे आकडे सहा वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या लोकांचे, आणि जे ही कामं करतात त्यांचीच सरासरी. २०१९ च्या सर्वेक्षणात २९९ आणि ९७ होतं. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि ती आम्ही घेतली म्हणावं तर आमचीही नऊ कमीच झालीत.

पण मला पद्धतीत रस होता. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा दिवस धरतात, त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे, आणि त्या तुकड्यात काय केलं ते विचारतात. ‘कढीपत्ता आहे. नाही, नाहीये’ याला लागले होते दोन सेकंद. ते कुठल्या तुकड्यात बसवणार? २८९ मध्ये कांदा चिरणं आहे, कांदे संपत आल्याचं आठवणं नाही. तेरा जुलैच्या त्या ४१ नोंदींपैकी निम्म्याहून जास्त वेळी ती पोळ्या लाटत होती.

प्रश्न आज : ५. आलेख काढला तर छान उतरता दिसतोय.

गुरुवार, २८ ऑगस्ट

विसर्जन करून आलो, आत्ता लिहितोय. आमचा दीड दिवसाचा.

गणपती हा माझ्या बाजूचा, म्हणून या वर्षी सगळा माझ्याकडे. मूर्ती जुलैतच सांगितली, शाडूची. गुरुजींची वेळ घेतली, आमच्या पट्ट्यात सकाळी साडेसहाची मिळाली, तीही आहे म्हणून घ्यायची. दूर्वा, शमी, पत्री, केवडा, जानवं, कापसाची वस्त्रं, मोदकाची पिठी, ताजं खोबरं, आदल्या रात्री घासलेली समई, वातींना तूप. यादी मी तीनदा तपासली होती. काल पहाटे मी जरा तोऱ्यातच होतो.

पूजा मांडताना गुरुजी म्हणाले, "विड्यांवर ठेवायला सुटी नाणी द्या." माझ्याकडे पाचशेच्या नोटा आणि फोन. मी दाराकडे वळलो, पहाटेचं कुठलं दुकान उघडं असणार याचा विचार करत. तेवढ्यात तिनं कपाटातून एक छोटी डबी काढून चौरंगाजवळ ठेवली. आत एक-दोन-पाचची नाणी, धुतलेली. वर दोन सुपाऱ्या जास्तीच्या.

पूजा उत्तम झाली. माझं लक्ष डबीवर.

रात्री विचारलं, कधीपासून जमवत होतीस? "श्रावण लागल्यापासून. भाजीवाल्याकडून सुटे आले की टाकायचे." आणखी काय काय आहे तयार? ती जरा घुटमळली. मग सांगितलं. माझ्या मोदकाच्या पिठीशिवाय अर्धा किलो पिठी वरच्या कप्प्यात. आईच्या बीपीची एक पट्टी तिच्या पर्समध्ये. पाचवी ब चा ग्रुप ती अजून रोज वाचते. गॅसचा सिलिंडर ती दर रविवारी हलवून वजनाचा अंदाज घेते.

आमच्या पंपहाउसला दोन पंप आहेत. एक चालू, दुसरा स्टँडबाय. नवीन पोरांना वाटतं की स्टँडबाय म्हणजे बंद. तो बंद नसतो. त्याचा हीटर चालू असतो, प्रेशर धरलेलं असतं, विजेचं मीटर फिरत असतं. माझ्या सगळ्या आलेखात फक्त मी विचारलेले प्रश्न होते. तिच्या डोक्यातलं मीटर दहा जुलैला होतं तेवढ्याच वेगानं फिरत होतं. उलट थोडं जास्तच, कारण आता माझ्या चुकांवरही लक्ष.

शनिवार, ३० ऑगस्ट

भांडण झालं. सविस्तर लिहीत नाही. मी म्हटलं, तुझा माझ्यावर भरवसा नाही. ती म्हणाली, "भरवसा मागून मिळत नाही. वर्षभर कधीही काही अडलं नाही, असं झाल्यावर तो आपोआप बसतो. आणि त्या वर्षात अडलं तर लोक तुला नाही, मला बोलणार." हे खरं आहे. अंगारकीला भगर खिमट झाली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिलाच विचारलं होतं, साबुदाणा विसरलीस का गं.

शेवटी एक झालं. स्टँडबाय एकदम नाही, एकेक करून काढायचा. आज तिनं ‘पाचवी ब मम्माज’ सोडला. बटण दाबायच्या आधी बराच वेळ फोन नुसता हातात धरून होती. पर्समधली पट्टी डब्यात ठेवली. नाण्यांची डबी माझ्या कपाटात आली.

जुना आलेख रद्द. नवं माप काय घ्यायचं ते सुचत नाही. ती काय विसरली हे मोजायचं म्हटलं तर तिलाच विचारावं लागेल.

गुरुवार, ११ सप्टेंबर

मोठीची फाइल लावत होतो. लसीकरणाचं कार्ड निघालं. राष्ट्रीय वेळापत्रकात दहाव्या वर्षी टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस असते, मग सोळाव्या वर्षी. ही मेमध्ये दहाची झाली. रकाना रिकामा. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी आठवण केली नव्हती, मला स्वतःला दिसलं. दुपारी शाळेतून आणून तिला तसाच दवाखान्यात घेऊन गेलो आणि लस देऊन आलो.

वाटलं, ही खूश होईल. तिनं कार्ड हातात घेतलं, तारीख वाचली आणि खुर्चीत बसली. "माझ्याकडून कसं निसटलं हे?" मी म्हटलं, ते आता तुझ्याकडे नाहीच. ती म्हणाली, "जुलैत तुझ्याकडे आलं. मे महिन्यात माझ्याकडेच होतं." रात्रभर तिचं तेच. मला आनंद साजरा करायचा होता आणि मी तिची समजूत काढत बसलो. तेरा वर्षं मी शेकडो गोष्टी विसरलो, एकदाही झोप उडाली नव्हती.

रविवार, २१ सप्टेंबर

मी सोफ्यावर, धाकटा समोर. उठला, माझ्या पायांवरून उडी मारून गेला, बाथरूमचं दार वाजवलं. "आई, माझा खोडरबर कुठेय?" आतून उत्तर, "बाबाला विचार." परत आला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा दाराशी. "पण बाबाला माहीत नसेल!"

माहीत होतं. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात.

उद्या घट बसणार. परडी, काळी माती, सात धान्यं आणून ठेवलीत. नाणी डबीत आहेत.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

एक वेगळी नोंद. काल दसऱ्याला यंत्रपूजा होती, कंपनीत. हार घालताना हायड्रॉलिक प्रेसच्या खाली तेलाचा थेंब दिसला आणि त्याच वेळी डोक्यात आलं की चकलीच्या भाजणीसाठी गिरणीत दिवाळीच्या आठवड्यात गेलो तर दोन तास रांग. दोन्ही एकदम. पहाटे तीनला जाग येते, आईच्या शुगरची तपासणी उपाशीपोटी की जेवणानंतर, हे घोकत. वजन दीड किलो कमी झालंय, पण त्याला बाईक न धुता बाजारात चालत जाणं हेही कारण असेल.

शिफ्टमधले एक जण म्हणाले, "काय, वहिनींनी लावलं वाटतं कामाला." मी हसलो. नंतर चिडलो. लावलं म्हणजे परत कामावर लावणारी तीच.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

उद्या वसुबारस. फराळाचं ठरवणं मी मागितलं, तिनं दिलं. पहिला निर्णय : करंज्या आणि शेव बचत गटाच्या बायकांकडून. आईचा चेहरा उतरला. मग आईला विचारलं, तुला नक्की काय हवंय? म्हणाली, चकली घरची. बाकीचं मलाही झेपत नाही रे. म्हणजे गेली कित्येक वर्षं जे सात पदार्थ ‘आईंना लागतात म्हणून’ ही बँकेतून येऊन रात्री अकरापर्यंत करत होती, त्यातले सहा आईला लागत नव्हते. दोघींनी एकमेकींसाठी केले. विचारायचं काम कोणाकडेच नव्हतं.

भाजणी मी दहा तारखेलाच दळून आणली. रांगेत माझ्यापुढे एकच माणूस.

अनारसे मात्र तिनं ठेवून घेतले. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाळवून कुटून गुळात मुरवायचं. मी म्हटलं, विकत मिळतात. "मिळू देत. हे माझं आहे, मला आवडतं. यात हात घालू नकोस." घातला नाही. फक्त पाणी बदलताना बघत बसलो.

शनिवार, २५ ऑक्टोबर

पाडवा झाला. मुदत संपली, वही चालू.

परवा भाऊबीज, नेमकी गुरुवारी. ताई आली. तिची साडी मी आणली, लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतः जाऊन. ताईनं उघडली आणि जोरात हसली. "या वेळी तू आणलीस ना?" कसं कळलं? "दोन वर्षांपूर्वीही हाच रंग दिलायत. ती असती तर असं झालं नसतं." बायकोच्या फोनमध्ये म्हणे दर वर्षीच्या साडीचा फोटो आहे. ते हँडओव्हरमध्ये राहूनच गेलं. बदलून आणतो, पावती आहे.

दुपारी ही मुलांना घेऊन कराडला भावाकडे गेली. तेव्हापासून आज रात्रीपर्यंतची कॉलची यादी : माझा एक, पोचलात का म्हणून. तिचे दोन. पहिला, बाबांचा दुसरा डोळाही करायचा म्हणतायत, डॉक्टरांशी बोलली त्याबद्दल. वीस मिनिटं आम्ही फक्त त्यावर बोललो. दुसरा आत्ता, नऊ वाजता. उद्या दुपारच्या गाडीनं येतेय. बोलता बोलता म्हणाली, "अरे, उद्या पाण्याचा दिवस की परवा? मला धाकट्याचं डोकं धुवायचंय."

उद्या, म्हणालो.

शिल्लक : ताईची साडी. फ्रीजच्या मागच्या पंख्याचा आवाज (अजूनही!). साड्यांचे फोटो मागून घेणे. सिलिंडर काल लावला, नंबर लगेच टाकला. गजर पाचचा.